सरळ रेघेतला माझा वाटा

वजन पाऊण किलो, आकार तेरा इंच, रंग काळा, स्वतःची अक्कल शून्य. एवढ्या ओळखीवर जो बोलतोय तो मी, चित्रं काढायचा पडदा. दुकानदार मला पेन डिस्प्ले म्हणतात. माझ्या काचेवर खास पेनानं रेघ ओढली की ती तिथंच, टोकाखाली उमटते. मात्र त्यासाठी मला लॅपटॉपला जोडावं लागतं. एकट्यानं मला काहीही जमत नाही. हे मी पहिल्याच परिच्छेदात कबूल करतो. पुष्कळजण निवृत्त झाल्यावरही करत नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं माझ्यासारखे रोज शेकड्यांनी जन्मत, त्यामुळे कौतुक कुणालाच नव्हतं. बारसं म्हणून पाठीवर एक क्रमांक चिकटवला. मग खोका, मग जहाज, मग ट्रक, आणि शेवटी ग्वाल्हेरच्या नई सडकवरचं दौलतसिंहांचं दुकान.

तिथल्या काचेच्या कपाटात आम्ही चौघं होतो. एक बिनपडद्याची पाटी. तिच्यावर हात फिरवायचा आणि बघायचं लॅपटॉपकडे. ती स्वस्त, म्हणून तिला मागणी फार. एक बावीस इंची थोरले, त्यांना हलवायचं तर टेबलासकट हलवावं लागे. एक बॅटरीवर, स्वतःच्या अकलेनं चालणारा. त्याची किंमत ऐकून लोक त्याला फार जपून परत ठेवत. आणि मी. गिऱ्हाईक मला उलटंपालटं करून विचारी, "इसमें पिक्चर चलेगी क्या?" दौलतसिंह म्हणत, "चलेगी." ते कशालाच नाही म्हणत नसत.

सहा महिन्यांनी, जूनमधल्या एका दुपारी, तिघं जण आली. गावातल्याच हरिशंकरपुरम वस्तीतले भालचंद्रराव, त्यांची पत्नी अनसूयाबाई आणि सून रुचिका. भालचंद्ररावांनी सिंचन खात्यात छत्तीस वर्षं कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले होते. हे त्यांनी सांगितलं नाही. अनसूयाबाईंनी सांगितलं, दुकानात पाय ठेवल्यापासून दीड मिनिटात. खुद्द भालचंद्रराव उजवा हात पँटच्या खिशात घालून उभे होते. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये उबेसाठी कुणी खिशात हात घालत नाही.

"किसके लिए चाहिए?" दौलतसिंहांनी विचारलं.

"इनके लिए," अनसूयाबाई म्हणाल्या.

"माझ्यासाठी काही नको," भालचंद्रराव म्हणाले. "सूनबाईला पाहिजे असेल. ती लग्नपत्रिकांची डिझाइनं करते."

"बाबा, माझ्याकडे ऑलरेडी आहे," रुचिका म्हणाली.

मग निवड सुरू झाली. बावीस इंची थोरले आधी बाद झाले. रुचिकाचं म्हणणं, "बाबा सकाळी गच्चीवर बसतात, दुपारी कूलरपुढे, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर. मतलब उचलून नेता आला पाहिजे." पाटी अनसूयाबाईंनी बाद केली. "हात एकीकडे नि नजर दुसरीकडे, हे ह्या वयात कुठं शिकवता?" बॅटरीवाल्याची किंमत विचारून झाली आणि तो जपून परत गेला. उरलो मी. दौलतसिंहांनी माझी बटणं मोजून दाखवली, पेनाच्या दाबाच्या सोळा हजार पायऱ्या सांगितल्या आणि काचेवर तळहात घासू नये म्हणून घालायचा दोन बोटांचा हातमोजा फुकट दिला.

अनसूयाबाईंनी तो हातमोजा उलटा करून पाहिला. "इसमें तीन उंगलियाँ कम हैं."

"आंटीजी, ऐसा ही आता है."

रुचिकानं आपला लॅपटॉप काढला आणि मला जोडून पाहिलं. एकाच वायरीवरून चित्रही येतंय आणि वीजही, याची खात्री झाल्यावर तिनं पेन सासऱ्यांपुढं धरलं. त्यांनी हात खिशातून काढला नाही.

"तूच ओढ. सावकाश."

तिनं रेघ ओढली. भालचंद्रराव वाकले, एक डोळा मिटला आणि बाजूनं पेनाचं टोक आणि रेघ यांच्यामधली जागा पाहू लागले. बराच वेळ पाहिलं. "फट नाही," म्हणाले. "टोकाखालीच येते."

सहा महिन्यांत रेघेकडे पाहणारा तो पहिला माणूस. माझी निवड झाली ती अशी: सुनेनं वजन पाहिलं, सासूनं हातमोजा पाहिला, आणि ज्याला काही नको होतं त्यानं रेघ पाहिली.

घरी आल्यावर खरं काय ते कळलं. भालचंद्ररावांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी चालणं सुधारलं, पण रेघ सुधारली नाही. तेव्हापासून त्यांनी पेन्सिल धरली नव्हती. चहाही अर्धाच पेला घेत. कुणी भेटायला आलं की हात खिशात.

मी जेवणाच्या टेबलावर होतो आणि सासू-सुना शेजारी लसूण सोलत होत्या.

"रुचिका, ते तू म्हणाली होतीस ना, रेघ सावरून घेणारं काहीतरी?"

"स्टॅबिलायझर. हो, प्रोग्राममध्ये आहे. शून्यापासून शंभरपर्यंत लावता येतो."

"मग लाव की."

"किती लावू?"

"भाजीत मीठ विचारल्यासारखं काय विचारतेस! लागेल तेवढं लाव."

"आणि बाबांना?"

"त्यांना आत्ताच कशाला सांगायचं? आधी पेन तरी धरू देत."

रुचिकानं आकडा पंच्याऐंशीवर नेला. ही सोय खरं म्हणजे लॅपटॉपमधल्या प्रोग्रामची. हात दहा ठिकाणी हलला तरी तो थोडं थांबतो, दहांचा सुवर्णमध्य काढतो आणि सुबक रेघ देतो. पण ती रेघ माझ्या काचेवर उमटते, म्हणून गुन्ह्यात मीही सामील होतो.

दुसऱ्या दिवशी फार आढेवेढे घेऊन भालचंद्ररावांनी पेन उचललं. डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली. सरळ आली. त्यांनी ती वाकून पाहिली. तिच्याखाली दुसरी ओढली. तीही सरळ आली.

"अनसूया."

"काय हो?"

"काही नाही. चहा टाक."

छत्तीस वर्षं सरकारी नकाशे काढलेल्या माणसाचं रडणं एवढंच असतं. त्या दिवशी ते पूर्ण पेला चहा प्यायले, थोडा बशीत सांडून.

पुढचा दीड महिना मी कामाला लागलो. त्यांना महाराज बाड्याच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चौकाच्या, इमारती काढायच्या होत्या: डाकघराचे खांब, बँकेची कमान, मधली बाग. एकदा रुचिकाच्या स्कूटीवरून मी प्रत्यक्ष बाड्यावरही गेलो. आम्ही बाकावर मांडामांड केली आणि पाच मिनिटांत एक दुकानदार धावत आला.

"बाबूजी, ये कौन-सा सर्वे है? दुकानें टूटेंगी क्या?"

"नहीं भाई, चित्र बना रहा हूँ."

"पक्का?" तो तासभर मागं उभा राहिला. आपलं दुकान चित्रात शाबूत आहे हे पाहूनच गेला. तेवढा तासभर भालचंद्ररावांचा हात चारचौघांत खिशाबाहेर होता.

घरी म्हणू लागले, "हात बरा होतोय." अनसूयाबाई म्हणत, "गोळीचा गुण आहे." मी गप्प. बोलता येत असतं तरी बोललो असतो की नाही, सांगवत नाही. खोटं इतकं सुखाचं चाललं असताना तोंड उघडायला धैर्य लागतं, आणि मला तर बॅटरीसुद्धा नाही.

मग मराठी मंडळाचे सचिव महिपतराव आले. दिवाणखान्यातली छापलेली चित्रं पाहून थक्क झाले.

"भालचंद्रराव, आठ दिवसांनी वार्षिक समारंभ आहे. मंचावर मोठा कागद लावतो, कोळसा देतो. अर्ध्या तासात लोकांसमोर बाडा उभा करायचा. हे यंत्र ठीक आहे हो, पण नव्या पिढीला शुद्ध हाताचं काम दिसलं पाहिजे."

भालचंद्ररावांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "येतो," म्हणाले.

स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास आला.

"तू सांग त्यांना," रात्रीच्या पोळ्या लाटता लाटता अनसूयाबाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगा आई. आयडिया तुमची होती."

"बटण तू दाबलंस."

"भर सभेत कागदावर हात हलला तर? बाबा पुन्हा घराबाहेर पडायचे नाहीत."

"तेच म्हणतेय मी. पण सांगितलं तर आत्ताच पेन टाकतील."

शेवटी रुचिकानं मार्ग काढला. आकडा रोज दहानं कमी करायचा. आपला हात पुन्हा बिघडतोय असं त्यांनाच वाटेल आणि ते आपणहून नकार कळवतील. इतका क्रूर उपाय फक्त जिवाभावाच्या माणसांनाच सुचतो.

पंचाहत्तर. पासष्ट. रेघा ढिल्या पडू लागल्या. भालचंद्रराव पहाटे लवकर उठून सराव करू लागले. पंचावन्नच्या दिवशी दूधवाल्याशी बोलताना हात पुन्हा खिशात गेला. अनसूयाबाईंनी ते पाहिलं आणि त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत.

पंचेचाळीसच्या सकाळी भालचंद्ररावांनी चित्र काढलंच नाही. नुसत्या रेघा ओढत राहिले, एक डोळा मिटून. मग हाक मारली.

"रुचिका, इकडे ये. गेल्या आठवड्यात पेन पुढं जायचं आणि रेघ मागाहून यायची. मला वाटलं, यंत्रच मंद आहे. काल कमी मागं होती. आज जवळजवळ बरोबर चालतेय. आणि जितकी वेळेवर येते, तितकी वाईट येते. हे काय आहे?"

 रुचिकानं प्रोग्राममधला तो आकडा बोटानं दाखवला. भालचंद्ररावांनी स्वतः तो शून्यावर नेला आणि एक रेघ ओढली.

शून्यावरची त्यांची रेघ मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. ती कुठंही दोन मिलिमीटरसुद्धा सरळ नव्हती.

"अहो, तिला काही बोलू नका," अनसूयाबाई दारातून म्हणाल्या. "सगळं माझं डोकं."

"दोन बायका आणि एक यंत्र. दीड महिना मिळून मला बरं करत होतात."

"बरं वाटत होतं ना तुम्हाला?"

"वाटत होतं," ते म्हणाले. "तोच तर राग आहे."

मला बंद करून कपाटाच्या माथ्यावर ठेवण्यात आलं. तिथं एक फुटका मिक्सर आणि आकाशकंदिलाचा सांगाडा आधीपासून मुक्कामाला होते. तीन दिवस पडून होतो. सरकारी मोजमापानं ही उपेक्षा काहीच नव्हे; फायली याहून कितीतरी जास्त झोपतात. पण खाली कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि ते वरून ऐकणं जड गेलं.

चौथ्या दिवशी, समारंभाच्या सकाळी, अनसूयाबाई म्हणाल्या, "महिपतरावांना फोन करून टाका. सांगा, तब्येत ठीक नाही."

"ठीक नाहीच आहे," भालचंद्रराव म्हणाले. "तेच तिथं जाऊन सांगतो. रुचिका, ते यंत्र खाली काढ."

सभागृहात महिपतराव गडबडले. "अहो, कागद लावलाय की! कोळसाही चांगला आणलाय."

"राहू दे. पुढच्या वर्षी शेगडीला लावा."

मला लॅपटॉपला जोडलं, लॅपटॉप प्रोजेक्टरला. त्यांनी रुचिकाला तो आकडा शेवटच्या रांगेला दिसेल एवढा मोठा करायला लावला. शून्य. मग खिशातून हात काढला आणि रेघ ओढली. भिंतीवर ती तीन मीटर लांब थरथरली.  पहिल्या रांगेत कुणीतरी उगाच खोकलं.

"हा माझा हात," ते माइकमध्ये म्हणाले. "दोन वर्षं असाच आहे. तुम्हाला दिसला नाही, कारण खिशात होता. मधे दीड महिना तो बरा झाला असं घरच्यांनी मला पटवलं. आता यंत्राची मदत घेऊन काढतो. किती घेतो ते वर दिसतंच आहे."

आकडा पंच्याऐंशीवर गेला आणि बाडा उभा राहू लागला. अर्ध्या तासाची पंचावन्न मिनिटं झाली. मधे चहा आला तरी लोक जागचे उठले नाहीत. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडलं असावं.

शेवटी त्यांनी उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखली.

"आमच्या खात्यात प्रत्येक नकाशाला ही असायची. कुणी काढला, कुणी गिरवला, कुणी तपासला. बंधारा फुटला तर कुणाला बोलवायचं ते कळावं म्हणून." लोक हसले. त्यांनी सावकाश लिहिलं: रेखांकन, भालचंद्र. त्याखाली: स्थैर्य, यंत्र, पंच्याऐंशी. त्याखाली: तपासणी. पुढची जागा कोरी सोडली आणि पेन पहिल्या रांगेकडे धरलं.

"अनसूया, ये. तपासल्याशिवाय तू मला चाळीस वर्षं घराबाहेर सोडलेलं नाहीस."

अनसूयाबाई पदर सावरत मंचावर आल्या. चष्मा लावला. सही करतील असं सगळ्यांना वाटलं. त्या चित्र पाहू लागल्या. डावीकडून सुरुवात करून एकेक इमारत.

"डाकघराला एक खांब कमी आहे," त्या म्हणाल्या.

भालचंद्ररावांनी मोजले. एक कमी होता. त्यांनी पेन परत घेतलं आणि खांब काढला. मग अनसूयाबाईंनी सही केली.

याला आता दोन वर्षं झाली. माझ्या काचेवर बारीक ओरखडे आहेत, पेनाची चार टोकं झिजून गेली आणि एक बटण दाबल्यावर विचार करून चालतं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ती चौकट असते, आणि तिच्यातला आकडा भालचंद्रराव रोज सकाळी हात पाहून स्वतः ठरवतात. तो वाढतोय. कालच्या चित्रावर ब्याण्णव आहे. शंभराच्या पुढं मला नेता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.  अर्धा पेला चहा घेऊन ते बसतात आणि आम्ही कामाला लागतो.

तुम्ही कधी हरिशंकरपुरमला आलात तर ती चित्रं जरूर पाहा. एवढीच विनंती, की "काय सरळ रेघ आहे हो!" असं म्हणू नका. ती माझी आहे, आणि मला स्तुतीची सवय नाही. खांब मोजा. ते त्यांचे आहेत. एखादा कमी भरला तर सांगा. ते तिथल्या तिथं काढून देतील.