बसलेली कानबाई

सोनगीरला पावसाचा थेंब नव्हता. किल्ल्याकडून कोरडा वारा येत होता आणि बेबाबाईच्या घरात चौरंगावर कानबाई, श्रावणात एका रात्रीसाठी घरी येणारी देवी, बसली होती. नारळाला नथ, अंगावर खण, पुढे अखंड दिवा. कानबाईचे नियम सांगण्यात गावात बेबाबाईचा हात कोणी धरू शकत नसे. नथ जरा तिरकी दिसली तरी ती शेजारणीला चार शब्द सुनावायची, आणि शेजारणी निमूट ऐकायच्या.

तीनच्या सुमारास सुरतेहून तिच्या लेकाचा, नवीनचा, फोन आला. तो तिथे लूमवर कामाला होता; बायकोसोबत खाडीकाठी तळमजल्यावरच्या खोलीत राहायचा. यंदा सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याने कानबाई तिथेच बसवली होती.

"माय, आठे वादळ शे. समुद्रले भरती शे, खाडीनं पानी मांगे फिरनं. घरमालक म्हनस, माडीवर या. कानबाईले उचली लेऊ का?"

"उचल म्हन त्याले," ओसरीवरून निंबा, तिचा नवरा, म्हणाला.

बेबाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो टीव्हीकडे वळला.

"बसेल कानबाई कोनी उठाडस का? विसर्जन उद्या. आनि दिवा इझू देऊ नको."

"बरं, माय."

पोरगा शब्दाबाहेर नाही, याचा तिला केवढा अभिमान! नैवेद्याच्या रोटाची कणीक मळायला ती मोकळ्या मनाने बसली.

पाचला निंबाने टीव्हीचा आवाज वाढवला. सुरतेच्या सखल वस्तीत माणसं छातीएवढ्या पाण्यातून दोर धरून चालली होती. भरतीचं पाणी अजून दोन तास चढणार होतं. तिने कणकेच्या हाताने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. कानबाई सांभाळेल, असं ती स्वतःला बजावत होती. तरी ती घाबरली होती. देवीला नाही, आपल्याच शब्दाला.

दिवेलागणीला बायका आरतीला जमल्या, तेव्हा बेबाबाई उठली. तिने फुंकर मारून दिवा विझवला आणि दोन्ही हातांनी कानबाई उचलली. बायकांच्या हातातली ताटं तशीच राहिली.

"पाप लागी ते माले लागो," ती म्हणाली. "आते त्याले सांगाले माले तोंड शे."

या वेळी फोन लागला. सून बोलत होती.

"ज्योती, नवीनले सांग, मी कानबाई उठाडी लिनी. त्यानी बी उठाडी ल्यो. दिवा इझू दे. तुम्ही वर जा."

"आई, आम्ही कव्हयनाच माडीवर शेतस. घरमालकनी वढी आनं."

बेबाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं.

"मंग दे त्याले फोन."

"त्या एकलाच खाले ग्यात. दिवाम्हा तेल सरनं व्हई म्हने. माय म्हनी व्हती ना, दिवा इझू देऊ नको, म्हनीसन ग्यात."

"कव्हय?"

"पानी दुसरी पायरीवर व्हतं, तव्हय."

"आनि आते?"



"आते पायऱ्या दिखत नहीत, आई."