पाखाडीची विहीर आणि हर्बर्टचा बँड

घरी बडा पाहुणा यायचा असला की आपण शेजाऱ्याकडून दोन खुर्च्या मागून आणतो. त्यात वावगं काही नाही. पण शेजाऱ्याला न विचारता त्याची खुर्ची पाहुण्याला देऊनच टाकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? अंधेरीच्या विद्याधर सबनीसांनी नेमकं हेच केलं, आणि वर त्याला ‘शहराची सेवा’ असं नाव दिलं.

गोष्ट शहाऐंशी सालची. कॉम्प्युटरची एक मोठी कंपनी नवं ऑफिस काढणार होती. शेकडो पोरापोरींना काम मिळेल अशी बोलवा होती. बंगलोर म्हणत होतं, आमच्याकडे या, हवा थंड आहे. पुणं म्हणत होतं, आमच्याकडे या, पोरं हुशार आहेत. मग मुंबई मागे कशी राहणार? अंधेरी पूर्वेच्या कारखानदारांच्या संघाचे अध्यक्ष सबनीस कंबर कसून उभे राहिले. जागा देतो, रस्ता देतो, म्हणाल ते देतो! आणि या देण्याच्या भरात त्यांनी कारखान्यांच्या मागे असलेल्या उंबरपाखाडीची विहीरसुद्धा देऊन टाकली. कंपनीच्या फाटकाला तिथून सरळ रस्ता निघत होता ना! पाखाडीत कुणाला एका शब्दाने विचारलं नाही.

उंबरपाखाडी म्हणजे मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची जुनी वस्ती. मधोमध क्रूस, कडेला विहीर. इथे लग्न ठरलं की आदल्या दिवशी सगळं गाव बँड लावून, म्हाताऱ्या बायकांच्या गाण्यांसकट, त्या विहिरीवर जातं आणि पाणी काढून वाजतगाजत लग्नघरी आणतं. त्याला म्हणतात उंबराचं पाणी. ते आल्याशिवाय पाखाडीत कुणाचं लग्न लागलेलं नाही.

त्या बँडचा म्होरक्या हर्बर्ट मिस्किटा. दिवसा सांताक्रूझच्या विमानतळावर सामान चढवायचा, सुट्टीला ट्रंपेट वाजवायचा. एका संध्याकाळी सबनीस स्वतः त्याच्या अंगणात आले.

“हर्बर्ट, शनिवारी कंपनीचे साहेब जागा बघायला येतायत. फाटकावर तुझा बँड पाहिजे. काहीतरी झकास वाजव! आणि तुझी पोरगी मोनिका कॉम्प्युटर शिकलीय ना? इंग्रजी फाडफाड बोलते म्हणे. तिला फुलं घेऊन उभी कर. साहेबांच्या नजरेत भरली तर तिचं काम झालं समज.”

“आणि आमची विहीर?”

“अरे, विहिरीचं काय घेऊन बसलास! घरोघर नळ आलेत. तिकडे बंगलोरवाले पायघड्या घालून बसलेत आणि आपण एका विहिरीसाठी रडायचं?”

“बरं, येतो,” हर्बर्ट म्हणाला. वर हसलासुद्धा. सबनीस खूश होऊन गाडीत बसले. त्या हसण्यामागे काय शिजतंय हे त्यांना कळलं असतं, तर ते बंगलोरच्याही पुढे पळाले असते.

कारण हा माणूस वीस वर्षं हर्बर्टच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. इथल्या कारखान्यांची जमीन म्हणजे मूळची पाखाडीची भातशेती. ती मागायला तरुण सबनीसच आले होते. याच विहिरीच्या कट्ट्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, “हे पाणी पिऊन शब्द देतो, घरटी एक नोकरी!” या पाण्यावर दिलेला शब्द म्हणजे क्रुसासमोर दिलेला शब्द, असं पाखाडी मानते. लोकांनी शेतं दिली. नोकरी एकाही घरात आली नाही. हर्बर्टचा बाप फिलिप लग्नातला काळा कोट घालून दर सोमवारी कारखान्याच्या फाटकावर जायचा, आणि रखवालदार त्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवायचा. सबनीसांची गाडी शेजारून आत जायची, काच वर करून. एक दिवस फिलिप तसाच कोटात घरी येऊन पडला, तो उठलाच नाही. त्याला त्याच कोटात पुरलं.

आता या माणसासाठी झकास वाजवायचं? वाजवतो की, हर्बर्ट मनात म्हणाला. असं वाजवतो की जन्मभर कानात राहील!

पाखाडीची अशी रीत आहे, की बँडवर मयताची धून लागली की कोण गेलं हे कुणी विचारत बसत नाही. हातातलं काम टाकायचं, काळे कपडे चढवायचे, दुकानाला फळ्या लावायच्या आणि बँडमागे मुकाट चालू लागायचं. कोण गेलं ते क्रुसापाशी पोचल्यावर सांगतात. हर्बर्टने ठरवलं, साहेबांची गाडी थांबली की तीच धून लावायची! साहेब हार घालून घ्यायला उतरणार, आणि समोरून काळ्या कपड्यांतलं अख्खं गाव चालत येणार. कोण थांबतोय मग? त्याच पावली बंगलोर! सबनीसांची अशी वाट लागेल की तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

एकच अडचण होती. मयताला ढोलावर काळं कापड बांधावं लागतं, आणि ते कापड असतं व्हायोलेट मावशीकडे. मावशी गावात सगळ्यांत म्हातारी; लग्नातली गाणीही तीच धरते, मयतातली प्रार्थनाही तीच. हर्बर्ट गेला तेव्हा ती ओट्यावर बसून कांडलेला मसाला बाटल्यांत ठासून भरत होती.

“काळं कापड? कोण गेलं रे?”

“कुणी नाही अजून. शनिवारी सबनीस जातोय,” हर्बर्ट म्हणाला, आणि त्याने सगळा बेत सांगून टाकला.

मावशीने बाटलीला बूच लावलं. “झालं तुझं? आता मला सांग. तू धून लावशील. मीपण गुडघे धरत येईन. क्रुसापाशी आले की विचारेन, कोण गेलं? काय सांगशील?”

“सबनीसाचा माज गेला म्हणून सांगेन!”

“खोटं! सबनीस गाडीत बसून घरी जाईल, जेवेल आणि घोरत पडेल. जाईल ते तुझ्या पोरीचं काम. दोन वर्षं क्लासला खेटे घालतेय ती. मयत तिचं वाजवशील तू, तिच्या बापाच्या हाताने!”

“मग काय करू? गप्प बसू? पप्पांना विसरू?” हर्बर्टचा आवाज चढला.

“गप्प बस कोण म्हणालं, मेल्या? माझ्या नवऱ्याचंपण शेत गेलंय. मी काय त्या सबनीसाच्या नावाने मेणबत्ती लावते? तुझा बाप गप्प राहिला, आम्ही सगळे गप्प राहिलो, तिथेच चुकलो. कोट घालून सलाम करत बसलो. चारचौघांत कुणी विचारलं नाही, की बाबा रे, दिलेल्या शब्दाचं काय? सूड घ्यायचाय ना? घे! पण आपल्याच पोरांच्या पोटावर पाय देऊन नको. त्याच्या तोंडावर खरं बोलून घे. तो मयताला घाबरणारा नाही, चारचौघांना घाबरणारा आहे.”

एवढं बोलून मावशी आत गेली आणि कापड आणून त्याच्या मांडीवर टाकलं. “हे घे. मी अडवणार नाही. शहाणा असशील तर घडीसकट परत आणशील.”

शनिवार उजाडला. फाटकावर कमान, रांगोळी, सनईची टेप, सगळा थाट. मोनिका आईची जपून ठेवलेली साडी नेसून फुलं घेऊन उभी होती. बँड एका बाजूला तयार होता, आणि ते काळं कापड हर्बर्टच्या कोटाच्या खिशात होतं. त्याचं अजूनही काही ठरत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मन अजून मयताकडेच ओढत होतं.

गाडी थांबली. कंपनीचे बंगाली साहेब उतरले. सबनीसांनी हार घातला आणि पाखाडीकडे हात करून मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, “पीछे कुछ नहीं है, साहब. एक पडकी विहीर आहे, कोई नहीं आता. बुझवून देतो.”

कुणी येत नाही! हर्बर्टचा हात खिशात गेला. ढोलवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, कापड आण म्हणून. हर्बर्टने मोनिकाकडे पाहिलं. पोरगी फुलं पुढे धरून साहेबांकडे बघत होती.

त्याने रिकामा हात बाहेर काढला, ट्रंपेट ओठांना लावली आणि जीव खाऊन फुंकली.

उंबराचं पाणी! लग्नाची धून!

पाखाडीत एकच धांदल उडाली. कुणाचं लग्न? कुणाचं का असेना! बाया लुगडी सावरत धावल्या, पोरं टाळ्या पिटत आली, मावशीने गाणं उचललं. ही धून एका जागी उभं राहून वाजवतच नाहीत, तिला विहिरीवरच जावं लागतं. बँडने फाटकाकडे पाठ फिरवली आणि चालू लागला. साहेबांना गंमत वाटली, तेही ताल धरत मागे निघाले.

“अरे, तिकडे कुठे? फाटक इकडे! हर्बर्ट! ए हर्बर्ट!” सबनीस ओरडत राहिले. ऐकतोय कोण! शेवटी तेही धोतराचा सोगा सावरत मागे धावले.

विहिरीवर मावशीने पाणी काढलं आणि पहिला पेला साहेबांना दिला. साहेब प्यायले, “मीठा है” म्हणाले. दुसरा पेला हर्बर्टने भरला आणि सबनीसांच्या हातात ठेवला.

“घ्या, सबनीस साहेब. वीस वर्षांपूर्वी याच कट्ट्यावर प्यायला होतात. पिऊन काय बोललात ते आज या पाहुण्यांसमोर परत बोला!”

साहेबांनी मोनिकाला इंग्रजीत विचारलं, तुझे वडील काय म्हणतायत? सबनीस घाईघाईने म्हणाले, “कुछ नहीं साहब, रिवाज है, रिवाज!”

मोनिकाने बापाकडे पाहिलं. बोलली तर काम गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने फुलं कट्ट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. शेतं, शब्द, घरटी एक नोकरी, आजोबांचा कोट, फाटक. एक अक्षर गाळलं नाही.

साहेबांनी सबनीसांकडे वळून विचारलं, “आप तो बोले, यहाँ कोई नहीं आता?”

सबनीसांच्या हातात तो पेला तसाच होता. तोंडाला लावायची छाती होईना, खाली ठेवायची सोय उरली नाही. सगळं गाव टक लावून बघत होतं. शेवटी मान खाली घालून ते पुटपुटले, “दिला होता शब्द. नाही पाळला.”

“मोठ्याने!” मावशी कडाडली.

“नाही पाळला!”

हर्बर्टला काय वाटलं म्हणता? गार वाटलं! वीस वर्षांची आग त्या दोन शब्दांनी विझली. तो साहेबांना म्हणाला, “साहेब, कंपनी आणा. आम्ही वाजवत नेऊ. पण रस्ता विहिरीला वळसा घालून काढा, आणि आमच्या पोरांची परीक्षा सगळ्यांसारखी घ्या. फाटकाबाहेर उभं करू नका, एवढंच.”

पोरीने ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं, तसे ते हसले. मोनिकाने त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं, “म्हणतात, शब्द देत नाही. इथलं पाणी पिऊन शब्द देणं महाग पडतं. पण बघतो.”

आणि त्यांनी बघितलं. मोठं ऑफिस बंगलोरला गेलं, ते जाणारच होतं. अंधेरीला लहानसं झालं. रस्ता मात्र विहिरीला वळसा घालून निघाला. सबनीसांना संघाने अध्यक्षपदावरून खाली उतरवलं. मोनिका परीक्षा देऊन पास झाली आणि एका सोमवारी सकाळी त्या फाटकातून आत गेली. रखवालदाराने तिला अडवलं नाही. बाहेर उभ्या हर्बर्टला रडू आवरेना. मग तो मावशीकडे गेला आणि काळं कापड तिच्या हातात ठेवलं.

“घडी मोडली नाहीस?”

“नाही मावशी.”

मंडळी, राग सगळ्यांनाच येतो, यायलाच हवा. पण सूड घेताना आपल्याच पोरांचं ताट उपडं करू नका. ज्याने फसवलं त्याला उजळ माथ्याने, चारचौघांत जाब विचारा. आणि शहर मोठं व्हावं असं तुम्हाला-आम्हाला सगळ्यांनाच वाटतं ना? मग पुढच्या वेळी कुणा बड्या पाहुण्यासाठी पायघड्या पडल्या, तर टाळ्या पिटण्याआधी जरा वाकून बघा, ते कापड कुणाच्या अंगावरून ओढून काढलंय.