कानामागचा देव

इमामबीने पदर मागे खोचला, वाकली आणि गीताबाईच्या डाव्या कानामागे आपला कान टेकवला. ओसरीवरच्या बाया गप्प झाल्या. पाटावर बसलेली गीताबाई समोरच्या खुंटीकडे पाहत राहिली.

"हू... हू... म्हनते माय," इमामबी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "साफ अल्ला हू."

"सोहं म्हनते वं," शेजारी बसलेल्या पुष्पाबाईने तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

ज्याचा जो देव, त्याला तो ऐकू येई. गीताबाईला कुठलाच येत नव्हता. तिला लोहाराचा भाता ऐकू येई, छातीच्या ठोक्याबरोबर, जेवताना, न्हाताना, निजताना. पहिल्या वर्षी तिने भिंतीवर डोके आपटून पाहिले होते. आता तेही सोडले होते. उजवा हात बधिर होत चालला होता. परवा तो तव्याला टेकला, तेव्हा आधी जळका वास आला, आणि मग कुणाचा हात जळतो आहे हे तिने वाकून पाहिले. वाईटही वाटले नाही.

आवाज बाहेरून पहिल्यांदा ऐकला तो सासूने, शालूबाईंनी. चार वर्षांपूर्वी सुनेच्या डोक्याला तेल लावता लावता त्या थबकल्या, कान लावला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "इच्या डोक्यात देव बोलून राह्यला वं माय!" त्याआधी गीताबाईला हळदीकुंकवाचे बोलावणे यायचे बंद झाले होते. लग्नाला बरीच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, म्हणजे आळीतल्या बाया काय ते समजून घेतात. त्याच बाया आता एकादशीला नारळ घेऊन येत आणि शालूबाई त्यांना रांगेत बसवत. देव सुनेचा असला तरी कारभार सासूचा होता.

नवरा उत्तमराव मेहकरच्या शाळेत मास्तर. देवावर त्यांची श्रद्धा होती, पण बायकोच्या डोक्यात बिऱ्हाड करून राहणाऱ्या देवावर नव्हती. वैद्याचे नस्य झाले, हकिमाचा लेप झाला, जळवा लावून झाल्या. मग त्यांनी नागपूरला, कलकत्त्याला, मुंबईला मोठ्या डॉक्टरांना पानेच्या पाने लिहून चौकशा केल्या. शाळेतली पोरे म्हणत, मास्तर परीक्षेला बसले दिसतात. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तिला सर्व्हिस मोटारीने खामगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी तिच्या कानामागे नळी लावली. मग तिच्या मानेच्या डाव्या बाजूला अंगठा ठेवला आणि दाबला.

भाता थांबला.

बाहेर सरकीच्या गाडीचे बैल घंटा वाजवत गेले. भिंतीवरचे घड्याळ टिकटिकत होते. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या नाकपुडीत श्वासाची बारीक शीळ वाजत होती, आणि ती किती वर्षे वाजते आहे हे तिला माहीत नव्हते. गीताबाईला रडू कोसळले. डॉक्टरांनी अंगठा उचलला आणि सगळे पुन्हा भात्याखाली बुडाले.

"डोक्यात रक्तवाहिन्यांचा गुंता झालाय," डॉक्टर उत्तमरावांना म्हणाले. "रक्त नको त्या वाटेनं शिरेत घुसतं, त्याचा हा आवाज. क्वचित कुणाला होतो हा आजार. मुंबईला एक सर्जन मानेतली धमनी बांधतात."

"मग आवाज जाईल?"

"बहुधा जाईल. पण बाईंची वाचाही जाऊ शकते. उजवं अंगही."

"आणि नाही बांधली तर?"

"तर एक दिवस आतलं काहीतरी फुटेल. उद्या, नाहीतर दहा वर्षांनी."

परतीच्या मोटारीत धुळीने दोघांची डोकी पांढरी झाली.

"आईले मी सांगतो," उत्तमराव म्हणाले.

"नका. मीच सांगते."

मरणाची तिला फारशी भीती नव्हती; मेले म्हणजे सुटले. भीती होती ती मुंबईहून मुकी आणि लुळी होऊन परत येण्याची. चुलत सासरे नारायणराव यांनी उत्तमरावांसाठी साखरखेर्ड्याची एक मुलगी पाहून ठेवली होती, आणि उत्तमराव तेव्हा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. देव निघाला आणि ती गोष्ट मागे पडली. देवाच्या उरावर सवत कोण आणणार? देव गेल्यावर मात्र वाट मोकळी होती. आणि सवत घरात येताना गीताबाईला तोंडातून शब्दही काढता आला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालूबाई सूप घेऊन एकादशीची भगर निवडत बसल्या होत्या. गीताबाई समोर बसली. डॉक्टर जे जे बोलले ते तिने एका दमात सांगितले आणि शेवटी म्हणाली, "आत्याबाई, देव नाई तो. रोग आहे."

"ठाऊक आहे मले," शालूबाई म्हणाल्या. त्यांची बोटे भगरीत फिरतच होती.

"कवापासून?"

"पह्यल्या दिसापासून. तेल लावताना नस उडून राह्यली होती बोटाखाली. देवाले नस कायले लागते?"

"मंग काऊन ओरडल्या तुमी?"

"नारायणराव भाऊजी ओसरीवर बसले होते. पोरीकडच्याईले होकार द्यायले निघाले होते ते, अन् माहा पोरगा चूप. रोग म्हनला असता त तुले त्याच दिवशी माहेरच्या बैलगाडीत बसवलं असतं." त्यांनी एक खडा वेचून अंगणात भिरकावला. "मंबईले जाय तू. बायाईले मी पाह्यते."

गीताबाई म्हणाली, "अन् वाचा गेली त?"

"मौन धरलं म्हनीन. दुप्पट बाया येतीन."

"अन् अंग लुळं पडलं त?"

शालूबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी गीताबाईचा भाजलेला हात ओढून मांडीवर घेतला. तो धरला आहे, हे गीताबाईला पाहूनच कळले.

"त मी भरवीन," त्या म्हणाल्या.