कापसाखालची गाडी

धामणगाव बढ्याचे रंगराव आणि कापडाचे व्यापारी मोईजभाई यांची दोस्ती तीस वर्षांची, आणि भांडणही तेवढंच जुनं. रंगरावांकडे वडिलांनी घेतलेली अडुसष्टची अ‍ॅम्बेसेडर. मोईजभाईंकडे शहाऐंशीची लाल मारुती.

"तुही गाडी नाही बे, रणगाडा आहे," मोईजभाई म्हणायचे.

"अन् तुही साबनाची डबी," रंगरावांचं उत्तर ठरलेलं.

यंदा जानेवारीत बुलढाण्याला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. दोघं निघाले तेव्हा रंगरावांच्या पत्नी रुख्मिणीबाई म्हणाल्या, "एक डाव गाड्या बदलून त चालवा. मंग भांडा."

दोघांनी किल्ल्या बदलल्या.

राजूर घाट लागला. गुडघे स्टिअरिंगला घासत होते, तरी रंगराव मनातून खूश होते. त्यांची अ‍ॅम्बेसेडर वळणावर खांद्याच्या जोरावर ओढावी लागे. ही मारुती नुसत्या बोटांनी वळत होती. हे मोईजला सांगायचं नाही, असंही त्यांनी ठरवून टाकलं. आरशात मागे मोईजभाई दिसत होते, स्टिअरिंगखालचा गिअर चाचपडत.

तेवढ्यात वरून कापसाचा टेम्पो आला. जाळीतून दोन्ही बाजूंनी फुगलेला. वळणावर तो कलला. रंगरावांनी गाडी डोंगराला घासून उभी केली, पण टेम्पो आडवा झाला तो थेट मारुतीवर. जाळी फाटली आणि सगळा कापूस गाडीवर आला.

सगळीकडे पांढरं झालं, मग अंधारलं. उजवीकडची दारं टेम्पोनं दाबलेली, डावीकडची डोंगरानं. फोन अ‍ॅम्बेसेडरमध्ये राहिलेला. रंगरावांनी हॉर्न वाजवला. आवाज कापसातच विरला. त्यांनी काच बोटभर खाली केली, तसा कापूस आत घुसला. घाईघाईनं काच वर केली. छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं.

मग मागून, फार दुरून आल्यासारखा आवाज आला. "रंगराव! इंजिन बंद कर!"

इंजिन बंद म्हणजे डॅशबोर्डचा मिणमिणता उजेडही जाईल, असं त्यांना वाटलं. हात किल्लीवर जाईना.

"अबे, सायलेन्सर तापलेलं आहे! कापूस पेटंल!"

त्यांनी किल्ली फिरवली. आता फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

मोईजभाई, टेम्पोचा ड्रायव्हर आणि थांबलेली माणसं हातांनी कापूस उपसत होती. मागची काच मोकळी झाली. मागचं डिकीचं दार बाहेरून किल्लीनंच उघडायचं, आणि किल्ली आत. मागच्या खिडकीच्या फटीतून बाहेर द्यायला रंगरावांनी ती काढली, पण धिप्पाड देह दोन सीटच्या मधून मागे वळेना. ते अडकले, ना पुढे, ना मागे.

"मोईज, मले श्वास नाही येऊन राह्यला."

मोईजभाईंनी क्षणभर त्या काचेकडे पाहिलं. कंपनीची मूळ काच. चाळीस वर्षांत तिच्यावर ओरखडा नव्हता, आणि तशी आता मिळतही नव्हती.

"तोंड झाक!" ते ओरडले आणि अ‍ॅम्बेसेडरचा जॅकचा दांडा काचेवर हाणला.

चौघांनी बगलेत धरून रंगरावांना ओढून काढलं. हात खरचटले होते, बाकी काही नाही. रस्त्यावर बसून ते लहान मुलासारखे रडले. मोईजभाई त्यांच्या केसांतला कापूस वेचत राहिले.

मेळावा राहून गेला.

त्याला आता दोन महिने झाले. रंगराव ओसरीत झोपतात. बंद खोलीत त्यांना घाम फुटतो. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्यांची अ‍ॅम्बेसेडर अंगणात उभी आहे. परवा सकाळी मोईजभाई आले आणि म्हणाले, "चाल, नुसतं बसून तर पाह्य."

रंगराव बसले. मोईजभाई बाहेर उभे राहून दार उघडं धरून होते.

"लाव म्हनशील तवाच लावीन," ते म्हणाले.

रंगरावांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग ते हळूच म्हणाले, "आज नको."

"हाव," मोईजभाई म्हणाले, आणि दार धरूनच उभे राहिले.