बोटभर उजवीकडे

मंगळवार पेठेतल्या आण्णांच्या पूल क्लबात भिंतीवर एक फळा होता. पुण्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघाची तीन नावं त्यावर खडूनं लिहिलेली. चौथ्या जागेसाठी आज मनाली आणि पृथ्वीराज खेळणार होते, पण आण्णांनी निकालाची वाटही बघितली नव्हती. पृथ्वीराजचं नाव सकाळीच लिहून मोकळे! मनालीनं ते बघितलं आणि तिचं डोकंच फिरलं.

चूक तिचीही होतीच. गेल्या वर्षी याच जागेसाठी खेळताना तिनं पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता उजव्या अंगाला मारलं. असं साइड मारलं की बॉल फिरत जातो आणि टेबलाच्या कडेला आपटून उजवीकडे वळतो. तो वळलाही, पण त्याआधी नेम हुकला होता. "साइड मारणं तुझं काम न्हाय," आण्णा सगळ्यांदेखत म्हणाले होते. ते शब्द तिला वर्षभर टोचत राहिले.

मनाली शिरोलीच्या एका फौंड्रीत, पॅटर्न शॉपमध्ये कामाला. तिथं साचा पाडायचा लाकडी पॅटर्न कधी नेमक्या मापाचा करत नाहीत. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून ही घट आधीच धरून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. एका सुट्टीला तिनं तोच हुकलेला शॉट शंभर वेळा मारला, आणि तिला हसूच फुटलं. उजव्या अंगाला मारलं की पांढरा बॉल निघतानाच डावीकडे सरकत होता. दर वेळी तेवढाच, बोटभर. जे दर वेळी तेवढंच चुकतं, त्याला चूक कशाला म्हणायचं? ती तर घट. आधीच धरायची की!

आज शेवटच्या डावात तिचा एक बॉल उरला आणि मग काळा; तो टाकला की डाव तिचा. काळा पार दुसऱ्या टोकाला. सरळ मारलं तर तिचा बॉल पडला असता, पण पांढरा काळ्यापासून लांब राहून पृथ्वीराजचं फावलं असतं.

"सरळ मार," आण्णा म्हणाले.

"न्हाय आण्णा. साइड मारतो मी."

ती वाकली आणि तिनं स्टिकचा नेम बोटभर उजवीकडे धरला.

"अगं ए, बॉल हिकडं हाय की!" पृथ्वीराज खदखदून हसला.

मनालीनं नेम तसाच ठेवून मारलं. पांढरा निघाला, डावीकडे सरकला, तिचा बॉल पॉकेटात गेला. मग कडेला आपटून पांढरा उजवीकडे वळला आणि थेट काळ्यासमोर जाऊन थांबला. आता काळा कुणीही टाकला असता. तिनं टाकला.

"नेम चुकीचा धरलावतास की गं," आण्णा पुटपुटले.

"आमच्यात घट आधीच धरत्यात, आण्णा."

आण्णा फळ्यावरचं नाव पुसायला वळले.

"थांबा. मी पुसतो," मनाली म्हणाली. तिनं तळहातानं पृथ्वीराजचं नाव पुसलं आणि तिथं आपलं लिहिलं, बाकीच्या तिघांपेक्षा जरा मोठं.