शेवटचे हात

म्वाबाने पिंप कलतं करून तळातलं पाणी मगाने तसराळ्यात ओतलं आणि तसराळं अर्धं भरताच हात आखडता घेतला. पिंपात जे काही उरलं होतं, त्यात अजून मासळी शिजायची होती आणि सगळ्यांचा चहा व्हायचा होता. बाहेर अंगणात तिच्या बापाच्या मातीहून परतलेली माणसं भुकेने गप्प बसली होती. मक्याच्या पिठाच्या उब्वालीचे पांढरे, वाफाळते गोळे परातींत मांडून तयार होते. आता हात धुतले की जेवण.

हात धुवायची रीत सगळ्यांना पाठ होती. तसराळं आधी सगळ्यांत थोर माणसापुढे, म्हणजे तिच्या चुलत्यापुढे, कालुबाकाकांपुढे जायचं. मग वडीलधारे पुरुष, मग तरणे, मग बायका आणि सरतेशेवटी पोरं. पाणी तेच. कबर बुजवून आलेले हात, डोळे पुसलेले हात, लेकराचं ढुंगण धुतलेले हात, सगळे त्यातच बुडायचे. पोरांची वेळ येईपर्यंत त्या पाण्याचा तळ दिसत नसे.

गेल्या पावसाळ्यात आजीच्या मातीच्या दिवशी म्वाबाचा मुलगा मुताले असाच शेवटी हात बुडवून जेवायला बसला होता. आठवडा उलटायच्या आत कॉलऱ्याने त्याला नेलं. तसराळ्यानेच नेलं असं छातीठोकपणे कोण सांगणार? उथळ विहिरी होत्या, विहिरींना खेटून संडासाचे खड्डे होते, काय नव्हतं? पण म्वाबाच्या डोळ्यांपुढे यायचं ते तसराळंच. यंदा वस्तीत पुन्हा कॉलरा होता. आणि मुतालेच्या पाठची न्सामा आता सहा वर्षांची झाली होती, पोरांच्या घोळक्यात उभी राहायच्या वयाची.

सांगायचं तरी कोणाला? बापाला मातीआड केलं त्याच दिवशी चुलत्याला ‘तुमच्या हातांनी पाणी नासतं’ म्हणणारी लेक बेंबा जमातीत अजून जन्मायची होती. त्यात कालुबाकाका वाईट माणूस असते तर गोष्ट वेगळी. शवपेटी त्यांनी आणली होती, माणसांना न्यायला ट्रक त्यांनी सांगितला होता. सकाळीच आरोग्यखात्याची गाडी भोंगा लावून गेली होती, ‘वाहत्या पाण्याखाली हात धुवा’ म्हणत. चुलीशी बसलेल्या बायका त्यावर खूप हसल्या होत्या.

“वाहतं पाणी तेवढं गाडीतून आणायचं होतं की,” एक म्हणाली होती.

एके काळी ते होतं. म्वाबा लहान असताना किट्वेच्या या खाणकामगार वसाहतीत दर अंगणात एक नळ होता आणि तो चोवीस तास चालायचा. खाणीचा भोंगा झाला की माणसं पाळीवरून घरी येत, नळाखाली डोकं घालत आणि गाणी म्हणत. डासांची फवारणी करणारे लोक यायचे, साचलेलं पाणी दिसलं की घरधनिणीला फैलावर घ्यायचे. दवाखान्यात पोरांना दूध मिळायचं. नळाच्या ओघळावर आईने केळी लावल्या होत्या. पाहुणे जेवायला आले की बाप किटली भरून अंगणात उभा राहायचा आणि एकेकाच्या हातावर धार धरायचा, मुद्दाम मनगटावर, बाहीवर सांडत, ते ओरडेपर्यंत. मग खाण विकली गेली, घरं राहणाऱ्यांच्या नावावर झाली आणि पाणी कोणाच्याच नावावर झालं नाही. नळ आता वाळत घालायच्या दोरीला आधार म्हणून उभा होता. तसराळं त्यानंतर आलं. आता मात्र विचाराल त्याला ती वाडवडिलांपासूनची रीत वाटत होती.

ती तसराळं उचलून दारात आली, तोच फाटकाशी गलका झाला.

“आला, उंदीरखाऊ आला!”

जेरेमामा काठी टेकत आत येत होते. बाप माणसांना खाली-वर नेणारा खाणीचा पाळणा चालवायचा, आणि हे त्याच्याच पाळीत खाली उतरणारे. जमातीने न्गोनी. बेंबा आणि न्गोनी यांच्या जुन्या लढाया केव्हाच थंडावल्या होत्या, मागे उरली होती टवाळी. आणि बेंबाच्या मयताला न्गोनी सोयऱ्याने टवाळी केली नाही, तर मयत धड झालंच नाही असं म्हातारी माणसं मानत. तो काय वाटेल ते बोलायचा, मेलेल्याची नक्कल करायचा, आणि त्याच्यावर चिडायची मात्र कोणाला मुभा नव्हती.

“कबर खणायला तुम्ही हवे होतात,” कालुबाकाका म्हणाले. “माती झाली, आता जेवायला बरे उगवलात.”

“माकडखाऊंच्या कबरीला खणायचं काय? झाडावर टांगायचं नि मोकळं व्हायचं,” जेरे म्हणाले.

रडून रडून सुजलेले चेहरे हसले. आत चटईवर बसलेली म्वाबाची आईसुद्धा तोंडाला पदराचं टोक लावून हसली. जेरे थेट बापाच्या खुर्चीत जाऊन बसले, मान तिरकी करून बापासारखे खोकले आणि ओरडले, “अगं, चहात साखर टाकलीस का गं, का नुसतीच दाखवलीस?” हुबेहूब तोच आवाज. म्वाबाला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचा बांध फुटला. दफन होताना ती रडली नव्हती.

जेरे उठून तिच्याजवळ आले.

“रड पोरी. फार चांगला माणूस होता. माझ्या एका सदऱ्याची बाही त्याने कधी कोरडी ठेवली नाही.”

“मामा,” तिने खालच्या आवाजात म्हटलं, “हे तसराळं उलथून टाका. तुम्हाला कोणी काही बोलणार नाही. धक्का लागला म्हणा, काहीही म्हणा. पण हे पाणी माझ्या न्सामापर्यंत पोचू देऊ नका.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे.

“उलथेन. मग दुसरं कुठून आणशील?”

म्वाबाने कुंपणाशी उभ्या न्सामाकडे पाहिलं.

“मुताले,” जेरे स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली. “आण इकडे.”

तसराळं दोन्ही हातांनी सांभाळत ते अंगणात उतरले. कालुबाकाकांनी सवयीने बाह्या सारल्या आणि हात पुढे केले. जेरे त्यांच्यासमोरून तसेच पुढे गेले. वडीलधाऱ्यांच्या बाकासमोरूनही गेले.

“आज बेंबांचं सगळं उलटं,” ते मोठ्याने म्हणाले. “तुमचा पाळणावाला गेला ना? आता कोण वर नि कोण खाली, सांगणार कोण? आज शेपटाकडून सुरुवात.”

हशा पिकला. जेरे कुंपणाशी उभ्या पोरांपुढे गुडघ्यांवर बसले. न्सामाने आईकडे पाहिलं, म्वाबाने मान हलवली, आणि पोरीने त्या स्वच्छ पाण्यात हात घातले. मग बाकीची पोरं. मग चुलीजवळच्या काळवंडल्या हातांच्या बायका, मग कबर बुजवून आलेले तरणे, ज्यांच्या नखांत अजून लाल माती होती. जेरे प्रत्येकापाशी काहीतरी टोमणा मारत होते आणि माणसं हसत हात बुडवत होती. म्हातारे लोकही हसत हसत धुऊन मोकळे झाले. शेवटी तसराळं कालुबाकाकांपुढे आलं.

काकांनी हात पुढे केले आणि पाण्याच्या वर नेऊन थांबवले.

पाणी चिखलाच्या रंगाचं झालं होतं. वर कोळशाची काजळी आणि तेलाचा तवंग होता. खाण विकली तेव्हा कचेरीतल्या नोकरीच्या पुण्याईवर काकांना टेकडीवरचा साहेबांचा बंगला मिळाला होता. तिथे अंगणात बोअर होती. मयताच्या घरी आलं की तसराळं पहिलं त्यांच्यापुढेच यायचं. असं पाणी त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिलं नसावं.

“हे कसलं पाणी?” त्यांनी विचारलं.

“नेहमीचंच,” जेरे म्हणाले. “तुम्ही तेवढे आज शेवटी आलात.”

एकदोघं हसली. काका रागावले नाहीत. न्गोनीच्या टवाळीवर रागावतात का कुठे? पण त्यांचे हात तिथेच थांबले होते.

“एरवी शेवटी कोण धुतं?”

असा प्रश्न विचारायचा नसतो. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं आणि प्रत्येक जण दुसरीकडे बघू लागला. म्वाबा मात्र चुलत्याकडेच बघत होती.

“पोरं धुतात, काका,” ती म्हणाली. “आमचा मुताले धुवायचा.”

मुतालेची शवपेटीही कालुबाकाकांनीच आणली होती. दोन हातांवर मावेल एवढीशी होती, म्हणून ट्रक न मागवता आपल्याच गाडीत मांडीवर घेऊन आले होते. त्यांनी हात मागे घेतले, खिशातून किल्ली काढून पुतण्याला दिली.

“बंगल्यावर जा. मागच्या हौद्यात मावतील तेवढी पिंपं भरून आण. पटकन जा.”

गाडी गेली. जेरेंनी तसराळं नळाच्या बुंध्याशी ओतून दिलं आणि काकांजवळच जमिनीवर बसले.

“आणि उद्या, माकडखाऊ?” त्यांनी विचारलं. आवाजात टवाळी नव्हती. “परवा?”

काका गाडी गेली त्या वाटेकडे बघत राहिले. उब्वाली थंड होऊन वरून साय धरू लागली, तरी कोणी परातीला हात लावला नाही. म्हातारी माणसं हळूहळू जुन्या दिवसांवर आली. कोणाच्या अंगणात केळी जास्त यायची, बँडवाले रविवारी कुठल्या रस्त्याने जायचे, म्वाबाच्या बापाच्या, कसोंडेच्या, किटलीने कोणाचा नवा कोट भिजवला होता. म्वाबा ऐकत बसली. तिला बापाची फार आठवण आली, आणि पहिल्यांदाच त्या आठवणीत नुसतं दुखणं नव्हतं.

गाडी डचमळत परत आली. बायकांनी पहिल्या पिंपातून किटली भरली आणि रिवाजाप्रमाणे काकांपुढे धरली. काकांनी ती हातात घेतली, पण आपल्या हातांवर धार धरा म्हणून कोणाला सांगितलं नाही.

“पोरं आधी,” ते म्हणाले.

पोरं उठली. पण जेरेंची टवाळी संपली होती, गंमत सरली होती, म्हणून ती सगळी सवयीप्रमाणे म्हाताऱ्यांच्या, तरण्यांच्या, बायकांच्याही मागे कुंपणापाशी जाऊन उभी राहिली, एकमेकांना मागे ढकलत. न्सामा सगळ्यांच्या मागे होती. म्वाबाच्या ओठांवर हाक आली होती, पण तिने ती मारली नाही.

कालुबाकाका भरलेली किटली घेऊन कुंपणाकडे चालू लागले होते.