सत्यभामेची ड्यूटी

“राजाभाऊ, आवाज येतोय का? आम्ही दुबईवाले बोलतोय!”

परेशने फोन वरच्या बंकच्या कठड्याला टेकवून ठेवला होता. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कामगारांच्या त्या खोलीत गावचे सात-आठ जण दाटीवाटीने बसले होते. पडद्यावर खेडजवळच्या त्यांच्या गावची ग्रामसभा भरली होती. दुबईकरांची मागणी एकच होती. पंधरा ऑगस्टचा झेंडा दरवर्षी सरपंचच फडकवतात. यंदापासून तो मान गावच्या माजी सैनिकांना मिळावा.

“मला मान्य आहे,” सरपंच राजाभाऊ म्हणाले, “पण मान द्यायला माणूस तर हवा गावात! एक पुण्यात एटीएमच्या दारात बसलाय, दुसरा ठाण्यात सोसायटीच्या गेटवर. आणि तिसरा तुमच्याजवळ.”

सगळ्यांनी तिसऱ्याकडे पाहिले. निवृत्त हवालदार दत्ताराम भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. गोदामाच्या गेटवर रात्रपाळी करून आल्यावर बुटांच्या नाड्या सोडण्याचेही त्राण त्यांच्यात उरले नव्हते.

“काका येतील की,” परेश म्हणाला. “ऑगस्टात रजा आहे त्यांची.”

“मग ठरलं!” राजाभाऊ म्हणाले. खोलीत टाळ्या पडल्या. दत्तारामांनी डोळे उघडले आणि ते ओशाळून हसले.

दुसऱ्याच दिवशी सुपरवायझर राजनने नकारार्थी मान हलवली. “ऑगस्ट में नहीं होगा, दत्ताराम. दो आदमी काम छोड़के गया. रिलीव्हर मिलेगा तो जाना. इन्शाल्ला, डिसेंबर.”

दत्ताराम हुज्जत घालणाऱ्यांतले नव्हते. फौजेत ‘जी साब’ म्हणाले, इथे ‘ओके सर’. पण त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून परेशला फोन लावायला सांगितला.

“राजाभाऊ, माझी रजा खलास. झेंडा आमची सत्यभामा फडकवील.”

“वहिनी?” राजाभाऊ म्हणाले. “अहो, त्या कुठं फौजेत होत्या? लोक काय म्हणतील?”

“मी भरती झालो तेव्हापासून घरावर ती एकटीच ड्यूटीला आहे. आईचं दुखणं, पोरीचं बाळंतपण, नदीला पूर आला तेव्हाही. मला चौकीवर रिलीव्हर यायचा, राजाभाऊ. बदली माणूस आला की मी सुटायचो. तिला अजून कुणी सोडवलेलं नाही.”

“काका,” परेश हळूच म्हणाला, “एवढं तर तुम्ही वर्षात बोलत नाही.”

“बघू,” राजाभाऊ म्हणाले. होकार दिला नाही, नकारही नाही.

सत्यभामाबाईंनी मात्र फोनवर हे ऐकून धसकाच घेतला. “मला नाय जमायचं हो. चार माणसांत हात थरथरतील.”

“विहिरीचा रहाट ओढतेस ना? तसाच दोर ओढायचा. पण हलका. जोर लावायचा नाही, झटका द्यायचा नाही. फुलं पडली की हात सोडायचा.”

“आणि तुम्ही?”

“मी बघतोय इथनं.”

पंधरा ऑगस्टला दुबईत नुकते उजाडले होते. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. दत्तारामांची पाळी संपत आली होती. सकाळचा माणूस अजून आला नव्हता. फोन वाजला. गावातल्या कुणीतरी कॅमेरा ध्वजखांबाकडे धरला होता. खांबाजवळ राजाभाऊ उभे होते. दत्तारामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग राजाभाऊ दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, “या, वहिनी.”

सत्यभामाबाईंनी चपला बाजूला काढल्या, पदर खोचला आणि दोराला हात घातला.

तेवढ्यात गेटवर ट्रकचा हॉर्न वाजला.

“यल्ला, हबीबी! गेट खोलो!”

दत्तारामांनी फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि बटण दाबले. गेटचा लाल-पांढरा दांडा हळूहळू वर गेला. ट्रक धूळ उडवत आत शिरला. त्याच वेळी खिशातून टाळ्या ऐकू आल्या आणि पाठोपाठ शाळेतल्या पोरांचे ‘जन गण मन’.

दत्तारामांच्या टाचा आपोआप जुळल्या. मागच्या ट्रकनेही हॉर्न दिला. तोही आत गेला. दांडा तसाच वर राहिला.

राष्ट्रगीत संपले. खिशातून धापा टाकणारा आवाज आला.

“अहो, दिसला का झेंडा? नीट फडकला ना?”

दत्तारामांनी वर पाहिले. आभाळात दांडा उभा होता, त्याच्या टोकाला काहीच नव्हते.

“दिसला,” ते म्हणाले. “एकदम नीट फडकला.”

आणि त्यांनी गेटचा दांडा खाली घेतला.